भिंतीवरची सातवी जागा

दफनभूमीच्या फाटकाला लागून अक्षरं कोरणाऱ्यांचं आवार आहे. आवार म्हणजे पत्र्याची एक शेड, पाण्याचा नळ, मागे राहायच्या दोन खोल्या आणि उत्तरेला दगडी भिंत. त्या भिंतीवर एकाखाली एक सहा नावं कोरलेली. बाप, त्याचा मुलगा, त्या मुलाचा मुलगा. सहावं नाव तिच्या वडिलांचं. त्याच्याखाली हात-दीड हात लांबीची जागा तासून, घासून गुळगुळीत केलेली होती आणि बावन्न वर्षं ती तशीच कोरी होती.

ती जागा वडिलांनी तासली तिच्या भावाच्या जन्माच्या आठवड्यात. ती तेव्हा चार वर्षांची होती. दगडाची भुकटी डोळ्यांत गेल्याचं तिला अजून आठवतं. पुढे दर वर्षी पावसाळा संपला की वडील शेडमधूनच ओरडत, "सातवी जागा घासून घे गं, शेवाळ धरलंय." आणि ती बादली आणि तारेचा ब्रश घेऊन भावाची जागा घासत बसे. भाऊ तेव्हा बाहेर गोट्या खेळत असे, मग कॉलेजात असे, मग दुसऱ्या शहरात. जागा मात्र लखलखीत.

वस्तीत तिला छिन्नीबाई म्हणत. छप्पन्न वर्षांची, अंगाने काटकुळी, पण मनगटं पाहिलीत तर कुस्तीगिराची. बोलणं कमी आणि जे बोलेल ते तोडून. लोक म्हणत, दगडात राहून दगड झालीय. तिच्या कानावर ते आलं होतं. दगडाला निदान लोक हात लावण्याआधी विचार करतात, एवढंच ती म्हणाली होती.

जमीन चर्चची होती. भिंतीवरच्या पहिल्या माणसाने चर्चच्या दर्शनी भिंतीवरचा सगळा मजकूर कोरून दिला होता, त्याबद्दल आवार त्याला मिळालं. विश्वस्तांच्या जुन्या नोंदवहीत तेव्हाच अट लिहिली गेली की भिंतीवर ज्याचं नाव शेवटचं, आणि ज्याने ते स्वतःच्या हाताने कोरलेलं असेल, त्याच्याकडे आवार राहील. पाच पिढ्या त्यात काही अडलं नाही. प्रत्येक मुलगा शिकून तयार झाला की बापाच्या नावाखाली आपलं नाव कोरायचा आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायचा.

शिकायची रीतही ठरलेली होती. फुटक्या दगडांवर शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, वंशावळी कोरायच्या. वडील म्हणत, "आपला धंदा नावांचा. मग शिकायचं ते नावांच्याच अध्यायांवर. शिवाय त्यातलं एखादं चुकलं तर कोणाची विधवा येऊन रडत नाही." बाकीचं जग ज्या पानांवर पेंगतं, ती पानं तिने चौदाव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत अक्षर-अक्षर दगडात उतरवली. झालेले दगड नळापर्यंतच्या वाटेत फरशी म्हणून बसवले जात. सात वर्षांत तिने ती वाट पूर्ण केली.

भावाचाही एक दगड त्या वाटेत होता, नळाच्या अगदी खाली, पाय धुवायच्या जागी. बाराव्या वर्षी त्याला बसवलं होतं. त्याने 'आदाम' कोरलं, 'शेथ' कोरायला घेतलं, हातोडी अंगठ्यावर बसली आणि तो बोंबलत आईकडे गेला तो पुन्हा आला नाही. त्या दगडावर 'आदाम, शे' एवढंच आहे. आई हसून म्हणायची, "आमच्या बाळच्या हातून मानवजात शेथापर्यंतच पोचली, तीसुद्धा अर्धी." सगळे त्याला बाळ म्हणत. बावन्नाव्या वर्षीही तो बाळच होता.

खरं सांगायचं तर अक्षरं आईची. कोरण्याआधी दगडावर ब्रशने अक्षरं रेखावी लागतात, आणि ते काम आई करायची. कुठे अक्षर उघडं ठेवायचं, कुठे आवळायचं, लांब नाव छोट्या दगडावर कसं बसवायचं, हे सगळं तिच्या बोटांत होतं. वडील तिच्या रेषांवरून छिन्नी फिरवायचे. लोक वडिलांच्या अक्षराचं कौतुक करायचे आणि आई आतून चहाचा ट्रे घेऊन यायची. छिन्न्यांना धार लावायची तीच, मजकूर उलटा वाचून चुका काढायचीही तीच. पण भिंतीची रीत छिन्नी धरणाऱ्याला ओळखत होती, ब्रश धरणाऱ्याला नाही.

एकविसाव्या वर्षी तिचा परीक्षेचा दगड झाला. वडिलांनी तासभर बोटं फिरवून पाहिला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत होता. ती खडू घेऊन भिंतीपाशी गेली. वडिलांनी मागून येऊन तिच्या हातातला खडू काढून घेतला.

"ती जागा त्याची आहे. तो येईल."

"मग माझी कुठली?"

"तू इथेच आहेस की. तुला नाव कशाला?"

हे वाक्य तिने पस्तीस वर्षं दाढेखाली धरून ठेवलं होतं.

तो आला नाही. त्याने फरश्यांची एजन्सी घेतली, लग्न केलं, मोठी गाडी घेतली. वडिलांचे हात थरथरायला लागले त्यालाही बारा वर्षं झाली. त्या बारा वर्षांतला दफनभूमीतला प्रत्येक दगड तिचा. तरी लोक दगडासमोर उभं राहून म्हणत, "म्हाताऱ्याचा हात अजून काय आहे बघा!" म्हातारा खुर्चीत बसून मान हलवायचा. ती शेडमध्ये पुढच्या दगडाला लागलेली असायची.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या दगडाचा मजकूर वडिलांनी सांगितला. त्यात त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव होतं, आणि पुढे 'यांची पत्नी येथे विसावली आहे' एवढंच.

"आणि आईचं नाव?" तिने विचारलं.

"लोकांना कळतं की."

"काय कळतं? विचारा फाटकावर कोणालाही, तिचं नाव काय होतं म्हणून."

"सांगितलंय तेवढं कोर."

तिने कोरलं. स्वतःच्या आईच्या दगडावर, स्वतःच्या हाताने, आईचं नाव सोडून सगळं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वंशावळीत शलमोन राजाच्या आईला नावच नाही, नुसती उरीयाची बायको. ती ओळ तिने सोळाव्या वर्षी फुटक्या फरशीवर कोरली होती आणि तेव्हाच तिला राग आला होता. आता तीच ओळ घरात आली होती. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच. पुसायची म्हटली तर अख्खा दगड तासावा लागतो.

दोन महिन्यांपूर्वी वडील गेले. सातवी जागा कोरीच होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी येऊन सांगितलं की येत्या शनिवारी दहा वाजता विश्वस्त आवारात येऊन बघतील आणि ठरवतील. "तोपर्यंत भिंतीला कोणी हात लावू नका," ते म्हणाले. म्हणताना बघत होते तिच्याकडे. जणू बाळ छिन्नी घेऊन यायची भीती कोणालाच नव्हती.

सोमवारी बाळ आला. गाडी दफनभूमीच्या फाटकासमोर आडवी लावली. हातात मिठाईचा पुडा.

"ताई, एक काम होतं तुझ्याकडे."

"पुड्यावरून वाटलंच."

"ते शनिवारचं. म्हटलं, त्याआधी तेवढं माझं नाव... म्हणजे तूच कोर. तुझ्या हाताची सफाई कोणाला येणार? पाळकांशी बोलतो मी."

ती दगडावरची भुकटी फुंकत होती. फुंकायची थांबली.

"नाव तुझं, कोरायचं मी?"

"अगं, घरातल्या घरात. आपण काय वेगळे आहोत? मी इथे शोरूम टाकतोय. फरश्या, टाइल्स. फाटकासमोर पार्किंगही होईल. तुला कोणी काढत नाहीये, मागची खोली तुझीच. राहा की जन्मभर."

"आणि काम?"

"कसलं काम? आता मशीनवर दहा मिनिटांत नाव निघतं. तू किती दिवस हाडं झिजवणार? या वयात आराम कर."

ती उठली. छिन्नी आणि हातोडी त्याच्यासमोर ठेवली. मग नळाकडे बोट दाखवलं.

"तिथे तुझा दगड आहे. शेथ अर्धा राहिलाय. आधी तो पुरा कर, मग स्वतःच्या नावाचं बघू."

"टोमणे मारू नकोस. बाबांनी जागा माझ्यासाठी ठेवलीय. जगजाहीर आहे."

"ठेवली त्यांनी. घासली मी. पस्तीस वेळा मोठेपणी, त्याआधीचं मोजलं नाही. ऊठ. आणि पुडा घेऊन जा, इथे मुंग्या होतात."

तो गेला. जाताना म्हणाला, "रीत कोणाच्या बाजूने आहे ते कळेल शनिवारी." त्याचा चेहरा लाल झाला होता. तिचा नव्हता. तिचा राग चेहऱ्यावर यायचा नाही, मनगटात उतरायचा. त्या दिवशी तिने दोन छिन्न्या मोडल्या.

शुक्रवारी दुपारी ती दफनभूमीच्या टोकाला एक दगड बसवायला गेली होती. तीन तास लागले. परत आली तर भिंतीवर काळा, चकचकीत, आरशासारखा ग्रॅनाइटचा तुकडा. त्यावर मशीनने काढलेली सोनेरी अक्षरं, बाळचं पूर्ण नाव. चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू. खाली जमिनीवर ड्रिल मशीनने काढलेल्या भुकटीचे चार ढीग.

तिने जवळ जाऊन बोट फिरवलं. वरच्या डाव्या स्क्रूपासून केसाएवढी एक भेग निघाली होती आणि वर चढत गेली होती, वडिलांच्या नावातून, दुसऱ्या अक्षराच्या पोटातून आरपार. भिंतीचा हा दगड थरांचा आहे. त्याला सांध्याजवळ ठोका चालत नाही, हे या आवारात पहिल्याच दिवशी शिकवतात. बाळ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नव्हता आणि पहिल्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं.

तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला भयंकर संताप आला. ज्या माणसाने तिच्या हातातला खडू काढून घेतला, त्याच्या नावाला तडा गेला तर तिला रडू यावं? भिंतीला हात लावू नका, हे तिला सांगितलं होतं आणि तिने लावला नव्हता. दोन महिने, शहाण्या मुलीसारखा. तिला वाटलं, आताच्या आता घण घ्यावा. घेतला नाही. छिन्न्यांना धार लावत बसली. सगळ्या छिन्न्यांना.

शनिवारी दहाला तिघे विश्वस्त आले. पाळकसाहेब, दातांचे डॉक्टर आणि शाळेच्या निवृत्त हेडबाई. हेडबाईंच्या काखेत जुनी नोंदवही. बाळ आधीच इस्त्रीच्या शर्टात भिंतीपाशी उभा होता.

पाळकसाहेबांनी प्लेट पाहिली. "अरे वा. लागलं पण नाव?"

"भिंतीला हात लावू नका म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो, पण आता लागलंच आहे तर..." पाळकसाहेब हसले. "आणि हे व्हायचंच होतं. मुलगा आहे. शास्त्रातल्या वंशावळी पाहा ना. हा त्याचा, तो त्याचा. वारसा असाच जातो."

"पाळकसाहेब, वंशावळी तुम्ही वर्षातून एकदा वाचता. त्याही लोक पेंगायच्या आत उरकायच्या म्हणून घाईने. मी कोरल्यात."

"मग तुला माहीतच असेल."

"मला बरंच माहीत आहे. सलाफहादच्या पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा मागितला. मिळाला."

"मिळाला, पण का? त्यांना भाऊ नव्हता," पाळकसाहेब म्हणाले. या उत्तराची त्यांनी तयारी केलेली दिसत होती. बाळने मान डोलावली.

"बरोबर. भाऊ नव्हता. मग ईयोबाचं बघा. त्याला शेवटी सात मुलगे झाले आणि तीन मुली. सात भाऊ असताना बापाने मुलींना त्यांच्या बरोबरीने वारसा दिला. त्या तिघींची नावं नळाजवळच्या फरशीवर आहेत. मुलग्यांचीही कोरायला बसले होते, पण शास्त्रात ती दिलेलीच नाहीत. सातातल्या एकाचंसुद्धा नाही. एफ्राईमच्या वंशात शेरा नावाची मुलगी आहे, तिने तीन गावं बांधली. तीन! तुमच्या वाचनात आलीय कधी?"

 हेडबाई चष्मा सावरत नळाकडे गेल्या, वाकून फरश्या वाचू लागल्या. "यमीमा... कसीया... केरेन-हप्पूख," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग पायाखालच्या दगडाकडे बघून विचारलं, "आणि हे काय? आदाम, शे?"

"तो माझ्या भावाचा अभ्यास," ती म्हणाली.

डॉक्टर खोकला आल्यासारखं करून हसले. बाळ म्हणाला, "मी तेव्हा बारा वर्षांचा होतो! आणि जुन्या गोष्टी उकरून काय करायचंय? अट काय आहे? नाव भिंतीवर पाहिजे. आहे."

हेडबाईंनी परत येऊन नोंदवही उघडली. "स्वतःच्या हाताने कोरलेलं, असं लिहिलंय."

"माझ्याच हाताने बसवलंय, बाई. चारही स्क्रू मी पिळलेत."

"ते दिसतंय," डॉक्टर म्हणाले. ते प्लेटच्या कोपऱ्याशी डोळा लावून उभे होते, तोंड उघडायला लावून दाढ बघतात तसे. "न बघता ड्रिल मारलं की काय होतं, हे मी रोज निस्तरतो. ही भेग वडिलांच्या नावात गेलीय हो. तुम्हाला दिसली नाही?"

बाळने पहिल्यांदाच वर बघितलं. त्याच्या हाताची बोटं भेगेपर्यंत गेली आणि थांबली. 

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. डॉक्टरांकडे पाहिलं, हेडबाईंकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना वाचता आलं असावं. "ठीक आहे. अट अट आहे," ते म्हणाले. "दोघांनाही संधी. ज्याला कोरता येईल त्याने आमच्यासमोर कोरावं."

तिने छिन्नी बाळपुढे धरली. दांडा त्याच्याकडे करून. तो छिन्नीकडे बघत राहिला, मग अंगठा मुठीत घेऊन एक पाऊल मागे सरला. तिने स्क्रू काढले, प्लेट उतरवून त्याच्या हातात दिली. "जपून ने. काचेसारखी फुटते."

मग तिने ब्रश घेतला. आईचा ब्रश, दांडा अर्धा झिजलेला. सातव्या जागेवर अक्षरं रेखली, स्क्रूंची चार भोकं चार कोपऱ्यांत पडतील अशी. एकदा उलटं वाचून पाहिलं आणि हातोडी उचलली. विश्वस्त दगडांवर बसले. हेडबाईंनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून वाटल्या. तासाभराने तीन अक्षरं पूर्ण झाली, तिने भुकटी फुंकली आणि बाजूला झाली.

पाळकसाहेब उठून जवळ आले. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुझं नाव नाही."

"नाही."

"मग हे कोण?"

तिने हातोडी खाली ठेवली. "वीस वर्षं दर महिन्याला या आवारात चहा प्यायलात, पाळकसाहेब. बिनसाखरेचा. तो कोण आणून द्यायचं?"

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "कारागिराची... तुझी आई?"

"नाव होतं तिला. तुम्ही तिला मातीत दिलंत तेव्हासुद्धा 'आपली ही भगिनी' म्हणालात. या भिंतीवरच्या सहाव्या माणसाने कोरलेलं प्रत्येक अक्षर आधी तिने काढलेलं होतं. सातवी जागा तिची होती. बाळचीही नव्हती आणि माझीही नव्हती."

 बाळ तेवढ्यात सावरला होता. धंद्यात मुरलेला माणूस. "म्हणजे ताईचं नाव भिंतीवर नाहीच," तो म्हणाला. "शेवटचं नाव आईचं. आणि आईचे वारस आम्ही दोघं. निम्मं-निम्मं. लिहून घ्या बाई."

"बाळ," ती म्हणाली, "खाली बस. माझं अजून संपलेलं नाही."

आईच्या नावाखालचा दगड कोणी तासलेला नव्हता. तिने तो तासायला घेतला. रुंद छिन्नी, मग दातेरी, मग घासायचा दगड आणि पाणी. तिची जागा तिच्यासाठी कोणी आधी करून ठेवली नव्हती, तेव्हा तिला वेळ लागला. डॉक्टरांनी दवाखान्यात फोन करून दुपारचे पेशंट पुढे ढकलले. पाळकसाहेब उन्हातून हलले नाहीत. एकदा त्यांनी नळावरून बादली भरून आणली आणि न बोलता तिच्या पायाशी ठेवली. तिने आभार मानले नाहीत. भिंतीवर नाव चढायला लागलं की मगच कुणी पाणी आणतं, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. बाळ प्लेट मांडीवर घेऊन बसून होता. अडीचच्या सुमारास उठला आणि गाडीत जाऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

चारला तिचं नाव पूर्ण झालं. हेडबाईंनी ते नोंदवहीत उतरवलं, आधी आईचं, मग तिचं, आणि तिघांनी सह्या केल्या. जाताना डॉक्टरांनी खाली वाकून विचारलं, "आणि याच्या खालची जागा? ती नाही का गुळगुळीत करून ठेवणार? पुढच्यासाठी?"

"नाही."

"का?"

"जो येईल, नाहीतर जी येईल, तिने आपली आपण तासावी. दुसऱ्याची जागा घासण्यात जन्म घालवायची या आवारातली रीत आजपासून बंद."

ते गेल्यावर तिने छिन्न्या गोळा केल्या, ब्रश धुतला, पण हत्यारांची पिशवी नेहमीच्या खिळ्याला अडकवली नाही. खांद्याला लावली आणि फाटकातून आत दफनभूमीत गेली. चौथ्या रांगेतल्या एका दगडावर 'यांची पत्नी' या शब्दांच्या खाली वीतभर जागा रिकामी होती. नऊ वर्षांपूर्वी मजकूर बसवताना तिने ती मुद्दाम सोडली होती.